मापाचा ब्लाऊज बाजूला ठेवू या

भाकरी थापता थापता, गुरांना वैरण टाकता टाकता किंवा मशीनवर बसल्या बसल्या आमचं ऐकणाऱ्या सगळ्या ताई, काकी, मावशी, आक्का, तुम्हाला आमच्या गटाचा नमस्कार. आज आम्ही कपड्यांबद्दल बोलणार आहोत. 'कपड्यात काय बोलायचं, मिळेल ते अंगावर घालायचं,' असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही असंच म्हणत होतो. त्या म्हणण्यापायी गटाचे ६,३०० रुपये कसे गेले, आणि पुढं पुण्याला जाऊन आम्ही काय शिकून आलो, ते आज सांगतो.

आधी एक प्रश्न. ब्लाऊज शिवायला टाकताना तुम्ही शिंप्याला काय देता? कापड, अस्तर आणि एक जुना ब्लाऊज. बरोबर ना? 'मापाचा ब्लाऊज'. आमच्या गटात अकरा जणी आहोत. एका मंगळवारच्या मीटिंगला आम्ही सगळ्याजणी आपापला मापाचा ब्लाऊज घेऊन आलो आणि तो कधीचा आहे ते एकमेकींना विचारलं. एकीचा लग्नातला निघाला. आता तिची मुलगी दहावीला आहे. एकीचा तर तिचा स्वतःचा नव्हताच, थोरल्या जावेचा होता. 'अंगानं आम्ही सारख्याच,' असं तिला सासूनं सांगितलं होतं, म्हणून पंधरा वर्षं तोच पुढं चालला होता.

मग टेप काढली आणि मापं घेतली. दोन बाळंतपणं झाली, ऊसतोडीला जाऊन आलो, कुणाचं थायरॉईडचं औषध चालू, कुणी वाळून काटक झालेली. अंग बदललं, पण माप तेच राहिलं. 'काखेत काचतं गं', 'हुक लागत नाहीत', 'हात वर केला की ब्लाऊज वर चढतो', ही गाऱ्हाणी आम्ही शिंप्यावर घालत होतो. शिंप्यानं काय करावं? आम्ही त्याला आमचं माप कधी दिलंच नव्हतं. दिलं होतं ते लग्नातल्या पोरीचं.

मैत्रिणींनो, शिवणकाम इथूनच सुरू होतं. मशीन, कात्री, डिझाईनचं पुस्तक हे सगळं नंतर. आधी आपलं आजचं माप.

आता ६,३०० रुपयांची गोष्ट. गटानं अंतर्गत कर्जातून तीन शिलाई मशीन घेतली होती. आमच्यातल्या तिघींनी तीन महिन्यांचा क्लास केला होता. तालुक्याच्या गावातून एका कार्यक्रमासाठी ३० बायकांना एकसारखे सुती कुर्ते शिवून द्यायची ऑर्डर आली. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. एकेका कुर्त्याचे ३५० रुपये ठरले. कापड आणलं, रात्री जागून शिवलं, वेळेत दिलं. कार्यक्रम झाला, फोटो निघाले, कौतुक झालं. आठ दिवसांनी कुर्ते परत यायला लागले. पहिल्या धुण्यात आटले होते. उंचीत दोन इंच आणि घेरात इंच-दीड इंच. त्यात मापं आम्ही टेपनं घेतलीच नव्हती, 'तुमची साईज काय' एवढंच फोनवर विचारलं होतं. तीसपैकी १८ कुर्ते परत आले. अठरा जणींचे पैसे आम्ही गटाच्या बचतीतून परत केले. मजुरी बुडाली ती वेगळी.

आणि यातलं खरं बोचणारं पुढंच आहे. आमच्या गटात एक काकी आहेत. शाळा तिसरीपर्यंत, पण हातशिलाई अशी, की टाका शोधावा लागतो. कापडाचा तागा आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सुती हाय, आधी भिजवा. येक रात पाण्यात ऱ्हाऊ द्या." आम्ही म्हणालो, "काकी, वेळ नाही." आमच्यातल्या एकीकडं बी.ए.ची पदवी आहे. गटाची वही तीच लिहिते, हे बोलणंही तिनंच लिहून आणलंय. तिनंच काकींना गप्प केलं होतं. नुकसान झालं तेव्हा सगळ्यांनी समान भरायचं ठरलं. काकींनी आपला वाटा निमूट भरला आणि मीटिंगला यायचं बंद केलं. रागावल्या असत्या, भांडल्या असत्या, तर बरं झालं असतं.

चार मंगळवार गेले. मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. 'चुकलं आमचं' एवढं म्हणायला दाराबाहेरच पाच मिनिटं लागली. काकींनी चहा टाकला. म्हणाल्या, "पैशाचं काय न्हाई वो. पर सांगितल्यालं कुणी ऐकत नसंल, तर बसायचं कशाला?" त्या दिवसापासून गटाचा एक नियम झाला: कापडाबद्दलचा शेवटचा शब्द काकींचा. वहीत ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काकींनी अंगठा न लावता सही केली.

आता त्या चुकीतून जे शिकलो ते नव्यानं शिकणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगतो. वही-पेन्सिल असेल तर घ्या.

पहिलं, सुती कापड आटतं. शंभर सेंटिमीटरला तीन ते पाच सेंटिमीटर सहज जातं. म्हणून कापायच्या आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, थोडं दमट असताना इस्त्री करा. गडद रंगाचं कापड वेगळं भिजवा. रंग सोडतं की नाही ते तेव्हाच कळतं. अस्तरसुद्धा भिजवा. अस्तर आटलं आणि वरचं कापड आटलं नाही, तर ब्लाऊजला सुरकुत्या पडतात आणि कितीही इस्त्री केली तरी त्या जात नाहीत.

दुसरं, माया. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो, त्याला आपण माया म्हणतो. किती चांगला शब्द आहे बघा. माया सोडली तर उद्या अंग भरलं तरी कपडा उसवून सैल करता येतो. आम्ही कापड वाचवायला माया जेमतेम अर्धा इंच ठेवली होती. इंच-दीड इंच ठेवली असती तर ते कुर्ते उसवून परत देता आले असते. कापड वाचलं आणि कुर्ता गेला.

तिसरं, माप कसं घ्यायचं. साडीच्या पदरावरून, गाऊनवरून माप घेऊ नका. अंगासरशी बसणाऱ्या कपड्यावरून घ्या. मैत्रिणीकडून घ्या, स्वतःचं स्वतः घेताना हात उचलला जातो आणि माप चुकतं. टेप छातीभोवती जमिनीला समांतर ठेवा, पाठीमागं खाली घसरलेली नको. टेपच्या आत दोन बोटं जाऊ द्या. श्वास रोखून पोट आत घेऊ नका. माप आपण टेपला दाखवायला घेत नाही, दिवसभर काम करायला घेतो. छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, दंड, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा, उंची. ही दहा मापं तारीख घालून लिहून ठेवा. आणि कुणाचं माप मोठ्यानं वाचायचं नाही, हाही आमच्याकडं नियम आहे. आमच्यातली एक मैत्रीण 'माझं नंतर घ्या' म्हणून तीन वेळा उठून गेली होती. तिला वाटत होतं टेप पुरायची नाही. टेप ६० इंचांची असते. सगळ्यांना पुरते.

चौथं, पहिल्याच दिवशी ब्लाऊजला हात घालू नका. ब्लाऊज म्हणजे शिवणातली दहावीची परीक्षा. आधी कापडी पिशवी शिवा, म्हणजे सरळ टीप मारायला हात बसतो. मग उशीचा अभ्रा. मग परकर. चार कळ्यांच्या परकराला सव्वादोन मीटर पॉपलीन पुरतं. कळीची तिरकी बाजू शिवताना कापड ओढायचं नाही, ओढलं की घोळ लोंबतो. मग साधा, टक्स नसलेला कुर्ता. त्याचं गणित सोपं आहे. छाती ३६ इंच असेल तर चौथा भाग ९. सैलपणाचा १ इंच मिळवला की १०. त्यात मायेचा १ इंच, म्हणजे ११. चार पदरी घडीवर ११ इंचांवर खूण. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर कोपरापर्यंत बाहीच्या कुर्त्याला अडीच मीटर धरा. ३६ इंची पन्हा असेल तर तीन मीटर.

आणि कात्री लावायच्या आधी जुन्या वर्तमानपत्रावर कापून बघा. कागद चुकला तर रद्दी, कापड चुकलं तर ते पैसे गेले. मग कच्चा धावदोरा घालून अंगावर घालून बघा. हात वर करा, खाली बसा, वाकून घागर उचलल्यासारखं करा. आरशासमोर ताठ उभं राहिलं की सगळेच कपडे छान दिसतात. सुईचंही लक्षात ठेवा. नेहमीच्या सुती कापडाला १४ नंबर, मलमलीला ११, जाड कापडाला १६. सुई बोथट झाली की मशीन टकटक वाजतं आणि टाके सुटतात. तेव्हा मशीनला शिव्या न देता सुई बदला.

एवढं शिकलो आणि मग ठरवलं, कापड आणायला पुण्याला जायचं. खरं सांगायचं तर कापड हे निमित्त होतं. अकरापैकी सात जणी पुण्याला फक्त दवाखान्यासाठी गेलेल्या होत्या. नुसतं फिरायला म्हणून कुणीच नाही. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्यामुळं घरी सांगायलाही सोपं गेलं. सोमवार टाळला, कारण लक्ष्मी रोडवरची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. शनिवारी पहाटेच्या गाडीनं माणातून निघालो. भाकरी-पिठलं बांधून घेतलं होतं.

काय घालून जायचं यावर आठवडाभर चर्चा झाली. बहुतेकींनी ठेवणीतल्या जरीच्या, कडक साड्या काढल्या. काकी म्हणाल्या, "पुण्याला दावायला चाललाय का बघायला?" तरी आम्ही नेसलोच. स्वारगेटला उतरून मेट्रोनं मंडईला जायचं ठरलं, मधे एकही स्टेशन नाही. पण मेट्रो जमिनीखाली, आणि खाली उतरायला सरकता जिना. तिथं आमची वरात थांबली. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात पिशवी, खांद्यावरून पदर घसरतोय, तिकीट कुठं ठेवलंय ते सापडत नाही. काकी नऊवारीत. काष्टा घातलेला, दोन्ही हात मोकळे. त्या आमच्या पुढं जाऊन सरकत्या जिन्यावर अशा उभ्या राहिल्या, जणू रोज जातात. खाली पोचल्यावर मागं वळून आमच्याकडं बघून हसल्या. ज्या कपड्याला आम्ही 'जुनं' म्हणत होतो, तो नव्या जिन्यावर सगळ्यांत सोयीचा ठरला.

तेव्हा प्रवासाला जाताना पहिला विचार पायांचा आणि हातांचा करा. पायघोळ नको, हात मोकळे हवेत, आणि खिसा हवा. खिशाबद्दल पुढं सांगतो.

मंडईजवळ अमृततुल्यात चहा घेतला, तुळशीबागेतल्या पेशवेकालीन राममंदिरात टेकलो आणि मग रविवार पेठेत कापडाच्या ठोक दुकानांकडं वळलो. तिथं काकी पुढं, आम्ही मागं. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला की काकी दोन धागे मागून घ्यायच्या आणि बाहेर जाऊन काडी लावायच्या. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागद जळल्याचा येतो आणि मागं मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. पाच दुकानांत 'प्युअर कॉटन' बघितलं, दोन ठिकाणी गोळी झाली. तुम्हीही असं करून बघा, पण दुकानात नाही, बाहेर मोकळ्या जागेत.

एका दुकानात ब्लाऊजपीस बघत होतो. सगळ्यांना रंगीत गठ्ठे दाखवून झाल्यावर दुकानातल्या पोरानं काकींच्या कपाळाकडं बघितलं आणि आतल्या माणसाला हाक मारली, "मावशींना ते फिकं दाखव रे." राखाडी, पांढरट, बदामी असे तुकडे समोर आले. काकींचे यजमान जाऊन बावीस वर्षं झालीत. बावीस वर्षं त्यांनी हेच रंग घातलेत. काकींनी ते तुकडे हातानं बाजूला सारले आणि म्हणाल्या, "ते राणी कलरचं दाव."

खोटं कशाला बोलायचं, आमच्यातल्या दोघी-तिघींच्या तोंडावर शब्द आला होता, 'काकी, लोक काय म्हणतील?' आला आणि आम्ही तो गिळला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं अशा प्रथा बंद करायचा ठराव केला. पुढं सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. हे आम्हीच बचत गटाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण टाळ्या वाजवणं वेगळं आणि आपल्या शेजारी बसलेल्या काकींनी राणी कलर मागणं वेगळं. काकींनी एक मीटर टू बाय टू रुबिया घेतलं. पैसे स्वतःच्या कनवटीतून काढून दिले.

दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला गेलो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू आहेत, लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहालयाला दिलंय. दिवे, अडकित्ते, फण्या आणि जुनी वस्त्रं. भरतकामाच्या कपड्यांपाशी आमच्या बायका काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. काकी टाके मोजत होत्या. कुठल्या तरी बाईनं दिव्याच्या उजेडात बसून भरलेलं असणार. ती कोण, हे मात्र कळायला मार्ग नाही. परत येताना त्यावर गाडीत बोलणं झालं. तेव्हापासून आम्ही शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला शिवणारीचं पहिलं अक्षर दोऱ्यानं काढतो. नाव राहतं, आणि कपडा परत आला तर कुणाकडं जायचं तेही कळतं.

पण पुण्यातली सगळ्यांत कामाची गोष्ट आम्हाला लक्ष्मी रोडवर दिसली, तीही काचेपलीकडं. एका दुकानात पुतळ्याला साडीवर मोठा, सैल, लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. आमची एक वहिनी ओरडलीच, "अगं, ही तर आपल्यासारखी खुरपायला चाललीय!" रस्त्यात हसून हसून आमची पुरेवाट झाली. आपण शेतात जाताना साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना शर्ट घालतो ना? उन्हापासून, पिकाच्या पात्यांपासून, कुसळापासून हात वाचावेत म्हणून. आपण तो लाजत घालतो, रस्त्यावर पाहुणा दिसला की काढून पाटीत टाकतो. पुण्यात तो पुतळ्याला घातला होता आणि किमतीची चिठ्ठी बघून आम्ही गप्प झालो.

परतीच्या गाडीत ठरलं. नवऱ्याचा जुना शर्ट का? आपल्या मापाचा का नाही? पुरुषी शर्टाचा खांदा आपल्याला उतरतो, मुंढा ब्लाऊजवर आवळतो, बाह्या दुमडाव्या लागतात. मग काकींनी आणि आम्ही मिळून शेतातला सदरा बसवला. छातीला सैलपणा १ इंचाऐवजी २ इंच, कारण आत ब्लाऊज आणि पदर. मुंढा खोल. बाही पूर्ण, मनगटाला एक बटण. मानेला उभी कॉलर, कारण वाकून काम करताना मानेवर ऊन बसतं. बाजूला चिरा, म्हणजे बसताना ओढत नाही. आणि दोन खिसे. एक बाहेर, एक आत. आतला मोबाईल आणि पैशांसाठी.

मैत्रिणींनो, खिसा ही लहान गोष्ट नाही. आपले पैसे आपण कुठं ठेवतो? ब्लाऊजमध्ये, कनवटीला, पदराच्या गाठीत. घामानं नोटा भिजतात, मोबाईल विहिरीत पडतो. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीचा पडला. खिसा नसला की पैसे पुरुषाच्या खिशात जातात, आणि मग ते त्याच्याकडूनच मागावे लागतात. कुर्ता, सदरा, परकर काहीही शिवा, खिसा ठेवाच. परकराला कमरेखाली उजव्या बाजूला चेनचा खिसा लावायला वीतभर कापड लागतं.

हिशेब सांगतो. एका सदऱ्याला भिजवलेलं सुती कापड २०० रुपये, दोरा-बटणं २०, शिवणारीची मजुरी १३०, वीज, प्रवास आणि गटाचा वाटा ३०. झाले ३८०. आठवडी बाजारात आम्ही तो ३८० लाच विकतो. घेणारीचं माप टेपनं घेतो आणि वहीत लिहितो. पहिल्या दोन बाजारांत एकही गेला नाही. बायका बघायच्या आणि म्हणायच्या, 'घरात मालकाचा जुना हायच की.' तिसऱ्या बाजारी आम्ही स्वतः तो घालून बसलो. मग विकायला लागला. त्या ६,३०० चा खड्डा भरायला सात महिने लागले, पण भरला.

आता ऋतूप्रमाणं काय घालायचं ते थोडक्यात.

उन्हाळा. आमच्या माणात चैत्राचं ऊन म्हणजे तवा. सुती, मलमल, फिके रंग. कमी कपडे म्हणजे गारवा असं नाही. शेतात पूर्ण बाहीचा सैल, पातळ कपडा उघड्या हातापेक्षा गार राहतो, कारण ऊन थेट कातडीवर बसत नाही आणि आतून वारा खेळतो. घट्ट ब्लाऊज उन्हाळ्यात नकोच, काखेत घामोळं येतं.

पावसाळा. इथं जाड सुती कपडा उपयोगाचा नाही, वाळत नाही. सुती-पॉलिस्टर मिश्र कापड घ्या, गडद किंवा बारीक छापील, म्हणजे चिखलाचे डाग दिसत नाहीत. परकर नेहमीपेक्षा दोन-तीन बोटं आखूड शिवा, घोळ भिजला की सगळा परकर जड होतो. ओलसर परकर दिवसभर अंगावर राहिला तर मांड्यांना खाज येते, चट्टे उठतात. म्हणून एक कोरडा परकर पिशवीत ठेवा. चट्टे गेले नाहीत तर लाजू नका, आरोग्य उपकेंद्रात दाखवा.

हिवाळा. पहाटे ऊस भरायला, दूध घालायला जाताना नुसती शाल खांद्यावरून घसरते आणि हात अडकतात. दोन जुन्या मऊ साड्यांचे चार पदर करून, गोधडीसारखा धावदोरा घालून बिनबाह्यांचं जाकीट शिवा. पैसे लागतात ते फक्त दोऱ्याचे. आणि संक्रांतीला काळं नेसायची आपली रीत आहेच. काळा रंग ऊन धरून ठेवतो, थंडीत ऊब देतो. काळ्या साडीवर खणाचा ब्लाऊज शिवणार असाल तर एक काळजी घ्या. गुळेदगुड्ड भागातल्या हातमागावरच्या खणाचा पन्हा साध्या कापडापेक्षा लहान असतो. दुकानात पन्हा मोजून मगच किती घ्यायचं ते ठरवा, नाहीतर बाह्यांना जोड द्यावा लागतो.

फॅशनबद्दल आम्हाला विचाराल, तर आमचं म्हणणं एवढंच आहे. मोबाईलवर फोटो बघा, जरूर बघा, आम्हीही बघतो. पण कात्री लावायच्या आधी तीन गोष्टी विचारा. हे माझ्या आजच्या अंगाला बसतं का? हे घालून मला माझं काम करता येतं का? आणि हा रंग मला आवडतो, की मला नेमून दिलाय?

काकींनी राणी कलरचं झंपर स्वतः हातानं शिवलं. नव्या मापाचं. मंगळवारच्या मीटिंगला घालतात, बँकेत जाताना घालतात. पहिल्या दिवशी वाटेत एका नात्यातल्या बाईनं टोकलं, "हे काय नवीन काढलंय?" काकी म्हणाल्या, "कापड नवं हाय, म्हणून नवीन दिसतंय." लग्नाकार्यात मात्र त्या अजून तो घालत नाहीत. आम्ही विचारत नाही. घालतील तेव्हा घालतील. आत इंचभर माया सोडली आहे, कापड भिजवून घेतलंय, ते टिकेल.

तर मैत्रिणींनो, आज रात्री भांडी झाली की एक काम करा. टेप काढा. नसेल तर सुतळी घ्या आणि फुटपट्टीवर मोजा. शेजारणीला हाक मारा. तुम्ही तिचं माप घ्या, ती तुमचं घेईल. दहा मापं, कागदावर, तारखेसह. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि मापाचा ब्लाऊज घ्या, उसवा, त्याची उरेब पट्टी काढा, उरलेल्या कापडाचा खिसा करा.

पुढच्या वेळी कुर्त्याचा गळा आणि त्याची पट्टी यावर काकी स्वतः बोलणार आहेत. आम्ही फक्त शेजारी बसणार. ऐकायला विसरू नका. नमस्कार.